प्रिंटर चालू करून देऊ, पण वाय-फाय परत जुन्या सेटिंगवर नेणार नाही

नमस्कार सर,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की आमच्या दुकानातल्या मुलाने राउटरची सेटिंग बदलली आणि चांगला चालणारा जुना प्रिंटर वाय-फायवरून तुटला, पासवर्ड नको तेवढा लांब ठेवला आणि हे सगळं नवा प्रिंटर खपवण्यासाठी केलं. ऐन टॅक्स रिटर्नच्या दिवसांत प्रिंटर अडला की काय होतं, याची मला कल्पना आहे. पण जुनी सेटिंग परत लावून द्या, ही तुमची मागणी मी मान्य करणार नाही.

तुमच्या प्रिंटरला वाय-फाय सुरक्षित ठेवण्याची फक्त डब्ल्यूईपी ही जुनी पद्धत कळते. त्याच्या एकट्यासाठी अख्खं ऑफिस डब्ल्यूईपीवर चालत होतं. ही पद्धत फुटते, हे 2001 मध्येच सिद्ध झालंय. माहिती छोट्या तुकड्यांत, म्हणजे पॅकेटमध्ये जाते, आणि दर पॅकेटला बदलणारा आकडा तिच्यात जेमतेम 24 बिटांचा, म्हणजे सुमारे 1 कोटी 68 लाख पर्याय. वर्दळ असली की तेच आकडे पुन्हा येतात आणि कुलूप उघडायला मदत होते. 2007 मध्ये जर्मनीत डार्मस्टाटच्या संशोधकांनी मिनिटाच्या आत तिची किल्ली (पासवर्ड) काढून दाखवली. इथे पासवर्ड कितीही अवघड ठेवला तरी उपयोग नाही. बँकेच्या साइटला स्वतःचं एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवण्याची सोय असते, पण जुन्या प्रिंटरकडे जाणारी पानं बहुधा उघडीच जातात. तुमच्याकडे त्या पानांवर लोकांचे पॅन आणि खाते नंबर असतात, सर.

आता पासवर्डचं. आता लावलेली डब्ल्यूपीए-2 ही नवी पद्धत भक्कम आहे, पण फोन जोडला जाताना होणारी देवाणघेवाण बाहेर रस्त्यावर बसूनही टिपता येते. मग घरी जाऊन एकेक पासवर्ड लावून बघायचा, राउटरला पत्ताही लागत नाही. दहा आकडी मोबाईल नंबर चांगल्या ग्राफिक्स कार्डावर काही तासांत निघतो, आणि तो तर बहुतेकांच्या पाटीवरच लिहिलेला असतो. म्हणून एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द ठेवले. डब्ल्यूपीएस, म्हणजे पासवर्ड न टाकता पिनने जोडायची सोय, तीही मुद्दाम बंद केली. तिचा आठ आकडी पिन दोन तुकड्यांत तपासला जातो, त्यामुळे 11,000 प्रयत्नांत सापडतो.

2008 मध्ये अहमदाबाद बॉम्बस्फोटांआधीची अतिरेक्यांची मेल नवी मुंबईत सानपाड्यातल्या एका घराच्या उघड्या वाय-फायवरून गेली होती. राहणाऱ्याचा काही संबंध नव्हता, तरी चौकशी त्याच्या दारात आली. माझ्या एकाही गिऱ्हाइकावर ती वेळ येऊ नये, एवढीच माझी धडपड आहे.

नवा प्रिंटर घेऊ नका. आहे त्याच्या मागे लॅन पोर्ट, म्हणजे नेटवर्कची केबल लावायची जागा आहे, राउटरपासून केबल ओढली की सगळ्या मशिनवरून प्रिंट निघेल. केबलचे पैसे तेवढे पडतील, व्हिजिट चार्ज नाही. त्याच वेळी येणाऱ्या क्लायंटसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क आणि राउटरच्या आतल्या सॉफ्टवेअरचा (फर्मवेअर) अपडेटही करून देतो. उद्या ऑफिस किती वाजता उघडतं तेवढं दुकानावर फोन करून सांगा.