माशी मुश्किल

लग्नाला तीस वर्षं झाली म्हणून लेकीने आम्हाला कॉम्बो दिला. कॉम्बो म्हणजे मला आपलं मिसळ आणि ताक एवढंच माहिती, पण ती जर्मनीत असते, तिकडे राहून पोरांचे कॉम्बोही वाढतात, तर या कॉम्बोत मोरोक्को निघालं. "आई, आधी माझ्याकडे या, मग माराकेशला चार दिवस, त्यातली एक दुपार वाळवंटात, क्वाड बाईक प्लस कॅमल राईड प्लस डिनर, सगळं बुक झालंय, तुम्ही दोघांनी फक्त जायचं आणि रिलॅक्स करायचं." मुलं रिलॅक्स म्हणायला लागली की आपल्या हाडांचं काही खरं नसतं हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

ह्यांचं म्हणणं वेगळंच. ह्यांना वाळू पाहिजे होती. वाळवंट म्हटलं की सोनेरी वाळूच्या टेकड्या, त्यावरून वळणं घेत चाललेली उंटांची रांग, मावळतीचा सूर्य, आणि मध्ये फेटा बांधलेले हे. आता असली वाळू मोरोक्कोत आहे, नाही असं नाही, पण ती मर्झुगाला, अल्जेरियाच्या सीमेजवळ, तिथल्या एर्ग शेब्बीच्या टेकड्या दीडशे मीटरपर्यंत जातात म्हणे. माराकेशहून गाडीने नऊ-दहा तास, मध्ये अ‍ॅटलास पर्वतातला सव्वादोन हजार मीटर उंचीचा घाट. आणि मला कात्रजच्या घाटात उलटी होते. तेव्हा लेकीने जवळचं वाळवंट निवडलं, अगाफाय, शहरापासून तासाभरावर. आम्ही गाडीतून उतरलो तर समोर सगळा दगडधोंडा. मातकट उघडे माळ, उंचवटे, खुरटी झुडपं आणि वाळूचा एक कण नाही. ह्यांनी कमरेवर हात ठेवून चहूकडे बघितलं आणि म्हणाले, "अगं हे तर सासवड!" खोटं कशाला सांगू, एप्रिल-मेमध्ये दिवे घाट चढून गेलं की अगदी असंच दिसतं. फरक इतकाच की सासवडला मागे बर्फाचे डोंगर नसतात. इथे मार्च महिना असून तुबकालच्या बाजूची सगळी रांग पांढरीशुभ्र होती, तुबकाल म्हणजे ४१६७ मीटर, अख्ख्या उत्तर आफ्रिकेतलं सगळ्यात उंच शिखर. पण माणूस एकदा सासवड म्हणाला की म्हणाला, त्याला बर्फ दाखवून उपयोग नसतो.

आता क्वाड. चार जाडजूड टायरची ती गुरगुरणारी गाडी, आपल्याकडे नागावच्या बीचवर पोरं फिरवतात ती. मी जराही घाबरले नव्हते. पुण्यात एकतीस वर्षं दुचाकी चालवलीये, आधी लुना, मग स्कूटी, मग अ‍ॅक्टिव्हा, लक्ष्मी रोडला गणपतीच्या आदल्या दिवशी चालवलीये, माझ्यापुढे दगडधोंडे काय.

आधी हेल्मेट. त्याच्या आत घालायला एक जाळीची टोपी देतात, तळणाऱ्या आचाऱ्याची असते तसली. इथे एक घरगुती माहिती द्यायला हवी, ती म्हणजे आमचे हे हेल्मेटसक्तीच्या विरोधातले. २०१९च्या जानेवारीत पुण्यात पोलिसांनी पावत्या फाडायला सुरुवात केली तेव्हा ह्यांनी तात्त्विक विरोध म्हणून पंधरा दिवस रिक्षाने प्रवास केला होता, आणि त्यात दंडापेक्षा जास्त पैसे घालवले होते. तो माणूस इथे आचाऱ्याची टोपी घालून, वर हेल्मेट घालून, हनुवटीखाली पट्टा लावून घेत उभा होता. गाईड विशी-बाविशीचं पोरगं. ह्यांनी त्याला इंग्रजीत विचारलं, "इज इट कम्पल्सरी?" तर तो हसून म्हणाला, "माशी मुश्किल!" आणि पट्टा आणखी आवळला.

ह्यांनी हातातल्या पाण्याच्या बाटलीत वाकून बघितलं. मग माझ्याकडे बघून, "कुठाय माशी?"

तिथल्या बोलीत माशी म्हणजे नाही. माशी मुश्किल, काही अडचण नाही. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. त्या संपूर्ण दुपारभर आम्ही अशा समजात होतो की या पोराला माश्यांचा फार त्रास आहे.

मग फेटा. त्याला शेश म्हणतात, चार-पाच मीटरचं पातळ सुती कापड, धुळीपासून तोंड नाक झाकायला. तिथे एक माणूस सगळ्यांना बांधून देत होता, कापडाचे पैसे वेगळे. रांगेत आमच्यापुढे दोन फ्रेंच बायका होत्या, त्यांना बांधायला त्याने प्रत्येकी तीन-चार मिनिटं घेतली, गोल फिरवलं, पिळलं, खोचलं, फोटो काढले. माझा नंबर आला. मी म्हणलं नो नो थँक्यू आणि पर्समधून माझा रोजचा स्कार्फ काढला. एक टोक लांब, एक आखूड, डोक्यावरून, हनुवटीखालून, नाकावरून, मागे गाठ. दहा सेकंद. फक्त डोळे उघडे. त्यावर गॉगल. मग खांद्यापर्यंतचे सुती हातमोजे चढवले.

तो माणूस हातातलं कापड तसंच धरून उभा राहिला. हजार-दोन हजार वर्षं ज्यांच्या पूर्वजांनी सहाराच्या धुळीत तोंडं झाकली त्यातला तो, आणि त्याच्यासमोर कोथरूडची बाई सिग्नल सुटायच्या आत तयार. त्याने मला परत बांधून दाखवायला सांगितलं. मी दाखवलं. त्याने फोनवर शूटिंग केलं. त्या फ्रेंच बायका आल्या, त्यांनी त्यांचं सोडून माझ्याकडून बांधून घेतलं. मला वाटतं एवढाच वेळ त्या दिवशी मी खरी रिलॅक्स होते.

क्वाडवर बसले, हे मागे. सवयीने उजवी मूठ पिळली तर काहीच होईना. पुन्हा पिळली. गाईड पळत आला आणि त्याने दाखवलं की मूठ फिरतच नाही, अंगठ्याजवळ एक छोटा खटका आहे तो अंगठ्याने पुढे ढकलायचा, तोच अ‍ॅक्सिलरेटर. म्हणजे तासभर दीड तास सगळा भार एका अंगठ्यावर. ज्या अंगठ्याने मी आयुष्यात फक्त व्हॉट्सअ‍ॅप केलंय आणि मोदकाच्या पारीला खळगा पाडलाय. मग त्याने गंभीर होऊन दुसरी गोष्ट सांगितली, काहीही झालं तरी पाय खाली टेकवायचा नाही. क्वाड पडत नाही, तिला चार चाकं आहेत, पण पाय खाली ठेवलात तर मागचं चाक तुमच्याच पायावर चढतं. कळलं? कळलं.

कळणं वेगळं आणि पाय वेगळे. पुण्याच्या बाईचे पाय हे ब्रेकचाच भाग असतात हो. स्पीड कमी झाला की दोन्ही पाय आपोआप पसरून खाली, बदकासारखे, एकतीस वर्षांची सवय. पहिला उतार आला, मी ब्रेक दाबला, पाय निघाले खाली, मागून गाईडचा दुसरा साथीदार ओरडला "फूट! फूट!", ह्यांना वाटलं तो उंची सांगतोय, हे म्हणाले, "किती फूट?" आणि त्या गडबडीत माझा अंगठा दाबला गेला आणि आम्ही दरी म्हणता येणार नाही पण एका बऱ्यापैकी खड्ड्यात उतरून दुसऱ्या बाजूने वर आलो. मागून शब्द नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा हे पूर्ण दोन मिनिटं गप्प होते.

वळण्याचंही तेच. स्कूटर वळताना आपण गाडीसकट झुकतो, गाडी आपलं ऐकते. क्वाड झुकत नाही, ती म्हशीसारखी सरळ बघत असते, तुम्हीच अंग आत टाकायचं आणि हँडल कोपरापासून ओढायचं. आणि एकामागे एक अशी रांग, पुढे गाईड, मागे त्याचा साथीदार, ओव्हरटेक बंदी. पुढच्या फ्रेंच बाया सायकल शिकल्यासारख्या चालवत होत्या, डावीकडून ट्रक जाईल एवढी जागा होती, आणि मी त्यांच्या मागे, त्यांची सगळी धूळ खात, हॉर्न शोधत. एकदा नेम धरून डावीकडून घातलीच गाडी. गाईडने सगळी रांग थांबवली, उतरून चालत माझ्यापर्यंत आला, बोट हलवलं, "मादाम, नो." लक्ष्मी रोडला मामांनी अडवलं तर मी वाद घालते. इथे वाद घालायला मला फ्रेंच येत नव्हतं आणि अरबीत माशी एवढाच शब्द येत होता.

मध्ये चहाला थांबलो. हिरवा चहा, चिनी, पानं बारीक गोळ्यांसारखी वळलेली म्हणून त्याला गनपावडर म्हणतात, त्यात मूठभर पुदिना आणि साखर इतकी की चमचा उभा राहावा, आणि किटली हातभर उंच धरून ओततात म्हणजे पेल्यात फेस येतो. गाईड म्हणाला ही आमची बर्बर व्हिस्की, बर्बर म्हणजे तिथले मूळचे लोक. व्हिस्की ऐकून ह्यांच्या चेहऱ्यावर त्या दिवशीचा पहिला उजेड पडला आणि पहिल्या घोटाला मावळला. (हा विनोद त्या देशातला प्रत्येक माणूस करतो. आम्ही चार दिवसांत सहा वेळा ऐकला आणि हे सहाही वेळा फसले.)

मग उंट.

क्वाडवरून उतरले तेव्हा माझा उजवा अंगठा खटका दाबलेल्या अवस्थेतच राहिला होता, जगाला ऑल द बेस्ट म्हणत. त्या अंगठ्यासकट मला उंटाकडे नेलं. एका वशिंडाचा, मोरोक्कोत तसलेच असतात, वशिंडाभोवती घोंगड्यांची गादी, पुढे एक लोखंडी दांडा धरायला. बसलेला उंट बघून मी फसले. बसलेला उंट अगदी आपल्या घरातला वाटतो, खाली मान घालून रवंथ करणारा, पापण्या नटीच्या. मी विचारलं नाव काय ह्याचं. उंटवाला माझ्याकडे बघून म्हणाला, "इंडिया? शाहरुख खान!" मला काय आनंद झाला. पाच मिनिटांनी त्याने त्याच उंटाचं नाव पॅरिसच्या त्या बायकांना हकीमी सांगितलं, हकीमी म्हणजे मोरोक्कोचा फुटबॉलपटू.

आता सगळ्यांना वाटतं उंट उठतो म्हणजे लिफ्टसारखा वर जातो. नाही. उंट मागून उठतो. आधी मागचे पाय सरळ, म्हणजे तुमचा मागचा भाग आकाशात आणि नाक त्याच्या मानेवर, तुम्हाला वाटतं संपलं, आता डोक्यावरून खाली, आणि त्याच क्षणी तो पुढचे पाय उचलतो, की तुम्ही मागे, पाठ आडवी, समोर फक्त आभाळ. माझ्या तोंडातून "आई गं", "अगं बाई" आणि "गजानना" हे तिन्ही एका श्वासात निघाले. मागून ह्यांचा आवाज आला, "दांडा धर, दांडा!" हे अजून खाली होते. त्यांचा उंट उठला तेव्हा त्यांच्या तोंडातून जे आलं ते मी इथे लिहीत नाही, ह्यांच्या आईंना ऑनलाईन वाचता येतं.

चालताना उंट एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो, मग दुसऱ्या बाजूचे. त्यामुळे तुम्ही पुढे-मागे नाही, डावी-उजवीकडे हलता, जात्यावर बसल्यासारखे, फक्त तुम्ही वरची तळी. दहा मिनिटांत मांड्यांमधले असे स्नायू बोलायला लागले ज्यांची माझी या जन्मी ओळख नव्हती. आणि उंट एकमेकांना दोरीने बांधलेले, त्यामुळे ह्यांच्या उंटाचं तोंड बरोब्बर माझ्या गुडघ्याशी. त्याचा श्वास, काय सांगू, आठवडाभर भिजत ठेवलेलं कडबोळं. उंटवाला मागे वळून माहिती देत होता की तहानलेला उंट पंधरा मिनिटांत शंभर लिटर पाणी पितो. ह्यांनी तिथेच हिशोब मांडला की म्हणजे आमच्या सोसायटीच्या दहा हजारच्या टँकरमध्ये शंभर उंट.

मी ऑफिसात अठरा वर्षं सेक्शन हेड होते आणि माझी माणसं मागे म्हणायची, मॅडम उंटावरून शेळ्या हाकतात. मला तेव्हा राग यायचा. त्यांना एकदा इथे आणून बसवायला हवं. उंटावर बसून शेळ्या कुठल्या हाकताय, स्वतःची ओढणी सरळ करता येत नाही.

सूर्य मात्र मावळला तो छान मावळला. बर्फ आधी केशरी झालं मग जांभळं आणि सासवड एकदम सासवड राहिलं नाही. ह्यांनीही काही म्हटलं नाही. फोटो काढायचे होते पण फोन काढायला दांडा सोडावा लागला असता.

उतरताना उंट आधी पुढचे गुडघे टेकतो. त्यावर सविस्तर लिहायची माझी अजून तयारी नाही.

जेवण तंबूत. आणि जेवायला खाली. गालिचा, लोड, बुटकं टेबल. आम्ही दोघं एकमेकांचा हात धरून टप्प्याटप्प्याने बसलो. भाज्यांचं ताजीन आलं, शंकूच्या झाकणाचं मातीचं भांडं, भाज्या लोण्यासारख्या शिजलेल्या, वर ऑलिव्ह, खरंच सुरेख, पण तोपर्यंत मला चव कळायला कंबर मध्ये येत होती. तेवढ्यात लेकीचा व्हिडिओ कॉल. "आई! मजा आली? रिलॅक्स झालात ना? बाबा कुठायत? ऐका, एक सरप्राईज आहे, उद्या हॉट एअर बलून बुक केलंय, गाडी पहाटे पावणेपाचला येईल हं!"

फोन ठेवला. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. पावणेपाच म्हणजे झोपायला सहा तास, आता उठायलाच हवं.

ह्यांनी दोन्ही हात टेबलावर टेकले. आधी मागचा भाग हळूहळू वर गेला. मग बराच वेळ काही घडलं नाही, डोकं खाली ताजीनमध्ये, हाश्श हुश्श. मग एक गुडघा. गाईड दारात उभा होता, त्याने अगदी सवयीने जीभ टाळूला लावून दोनदा ट्टक ट्टक केलं आणि म्हणाला, "यल्ला, यल्ला."

आणि हे उठले.