'पैसे भरा आणि धूर सोडा' : सुरतवाला मेसेज वाचून

ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, बहुतेकांनी वाचला असेल. थोडक्यात म्हणणं असं की सुरतमध्ये सरकारने कारखान्यांना धुराची परमिटं विकायला काढली, आता पैसेवाले मिलमालक पाहिजे तेवढा धूर सोडणार, धूर मोजणारा मीटर त्यांच्याच चिमणीवर म्हणजे आकडे खोटे, गरीब वस्त्या मरणार, आणि एवढं करण्यापेक्षा कायदा कडक करा की. उधना, लिंबायत, पांडेसरा भागात आपली खानदेशची कितीतरी माणसं राहतात, त्यामुळे विषय लांबचा नाही. एकेक बघू.

'पाहिजे तेवढा धूर.' नाही हो, इथेच गडबड आहे. आधी सगळ्या कारखान्यांचा मिळून महिन्याला किती टन धूळ-काजळी हवेत जाणार हे ठरतं, सुरुवातीला २८० टन होतं, मग कमी करत करत १७० वर आणलं. तेवढीच परमिटं, म्हणजे ठराविक किलो धूळ सोडायच्या परवानग्या, निघतात, ८० टक्के फुकट वाटतात, उरलेल्यांचा लिलाव. एका मिलने जास्तीची घेतली म्हणजे दुसऱ्या कुणीतरी तेवढा धूर कमी करून ती विकलेली असतात, एकूण आकडा हलत नाही. समजा एका मिलला किलोभर धूळ अडवायला ६० रुपये पडतात आणि शेजारच्याला १५, तर १५ वाल्याने जास्त अडवावी आणि ६० वाल्याने त्याला पैसे द्यावेत, हवेला काय फरक पडतो? आणि परमिट कमी पडलं तर किलोमागे २०० रुपये भरपाई, बाजारात परमिटचा कमाल भाव १०० ठेवलेला असताना, आणि ही भरपाई आधीच घेऊन ठेवलेल्या डिपॉझिटमधून कापली जाते, कोर्टात वर्षानुवर्षं तारखा नाहीत.

'कायदा कडक करा.' १९८१ चा हवा कायदा काय कमी कडक होता? जेल, वीज तोडणं, कारखाना बंद, सगळं त्यात होतं. पण एवढं मोठं हत्यार छोट्या चुकीवर कोण उचलणार, म्हणून नोटिसा निघतात आणि फायलीत राहतात. शिवाय जुना नियम बघा: चिमणीच्या एका घनमीटर हवेत धूळ १५० मिलिग्रॅमच्या आत हवी. इन्स्पेक्टर कधीतरी येणार, त्या दिवशी फिल्टर चालू, सॅम्पल पास. बारा तास चालणारी मिल आणि चोवीस तास चालणारी मिल या नियमाला सारखीच, कारण एकूण किती गेलं हे कुणी मोजतच नव्हतं! बॅग फिल्टर, स्क्रबर अशी धूळ अडवणारी यंत्रं बसवलेली असतात, पण वीज खातात म्हणून ती नीट चालवण्यात मालकाला फायदा काय होता?

'आकडे खोटे असणार.' संशय रास्त आहे, पण खोटे आकडे जुन्या पद्धतीतच जास्त होते. गुजरातमध्येच कारखान्यांचं प्रदूषण तपासणाऱ्या ऑडिटरांवर अभ्यास झाला होता, पगार कारखानाच द्यायचा तेव्हा रिपोर्टमधले आकडे बरोबर १५० च्या जरा खाली गर्दी करून बसलेले. ऑडिटर चिठ्ठी टाकून नेमले, पैसे वेगळ्या फंडातून दिले, तर रिपोर्ट खरे यायला लागले आणि धूरही कमी झाला. सुरतेत मीटर सतत चालू असतो, डेटा थेट प्रदूषण मंडळाकडे जातो. छेडछाड होणारच नाही असं मी म्हणत नाही, पण त्याला उपाय असतात, अमेरिकेच्या सल्फर डायऑक्साइड या वायूच्या परमिट-बाजारात डेटा गायब झाला की मुद्दाम चढा आकडा धरतात, म्हणजे मीटर बंद ठेवणं महागात पडतं.

आता कुणी म्हणेल की मग धूर कमी होतो तो मीटरमुळे, श्रेय बाजाराला कशाला. म्हणूनच २०१९ ला सुरू झालेला सुरतचा प्रयोग मला आवडतो. ३१७ कारखाने, मीटर सगळ्यांना, पण चिठ्ठीने निवडून अंदाजे निम्मेच बाजारात घेतले, बाकीचे जुन्याच नियमावर. बाजारातल्यांचा धूर २० ते ३० टक्के कमी झाला, खर्चही वाढला नाही, आणि जवळपास सगळ्यांनी सोडलेल्या धुराएवढी परमिटं भरली. जुन्या नियमवाल्यांत निदान एक तृतीयांश कारखाने नियम मोडतच होते.

'गरीब वस्त्या.' मेसेजमधला हा एकच मुद्दा मला दमदार वाटतो. कार्बन कुठेही सुटला तरी सारखाच, धूळ तशी नसते, ती चिमणीच्या आसपासच पडते. सगळी परमिटं एकाच कोपऱ्यातल्या मिलांनी घेतली तर तिथल्या चाळीला 'एकूण कमी झालं' याचा काय उपयोग? म्हणून बाजाराचा एरिया छोटाच हवा, चंद्रपूरचं परमिट घेऊन तळोज्यात धूर सोडायची मुभा अजिबात नको, आणि कुठल्या चिमणीतून किती गेलं ते रोजच्या रोज लोकांना दिसलं पाहिजे. महाराष्ट्रात २०१७ पासून कारखान्यांना धुराप्रमाणे स्टार द्यायची योजना आली होती, तीच पुढे न्यायची.

आणि फॉरवर्डवाल्यांना खरंच भांडायचं असेल तर एकूण धुराच्या मर्यादेवर भांडा. युरोपने २००५ ला कार्बनचा बाजार काढला तेव्हा परमिटं इतकी सढळ वाटली की २००७ पर्यंत भाव जवळपास शून्यावर आला, कमी कोण कशाला करेल? महाराष्ट्राचं नाव २०११ च्या सुमारास गुजरात आणि तमिळनाडूबरोबर अशाच पायलटसाठी होतं, तेव्हा पुढे गेलं फक्त गुजरात. उद्या आपल्याकडे आलं तर पहिला प्रश्न एवढाच विचारायचा, टन किती ठरवले आणि दरवर्षी किती कापणार.