हंगामपूर्व क्रमवारी म्हणजे ‘अंदाजपंचे दाहोदरसे’ नव्हे

दर वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलची पहिली क्रमवारी जाहीर होते आणि पाठोपाठ एक मजकूर फिरायला लागतो. मी नॉर्थ कॅरोलायनात राहतो. ड्यूक आणि चॅपल हिलचं नॉर्थ कॅरोलायना ही दोन्ही विद्यापीठं घरापासून अर्ध्या तासावर. त्यामुळे तो मजकूर ऑफिसमध्ये ऐकू येतो आणि आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवरही येऊन पडतो. त्याचा सारांश असा: 2009 नंतर ऑक्टोबरातला पहिल्या क्रमांकाचा संघ एकदाही विजेता झालेला नाही. पत्रकार मागचा मार्च आणि मोठी नावं पाहून मतं देतात. आता खेळाडू दर उन्हाळ्यात कॉलेज बदलतात, त्यामुळे अंदाज करणंच अशक्य झालंय. आणि एवढं असूनही याच यादीच्या जोरावर बड्या संघांना मार्चमध्ये सोपी वाट मिळते. सबब यादी बंद करा.

ज्यांना हा खेळ नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. असोसिएटेड प्रेस, म्हणजे एपी, साठेक क्रीडापत्रकारांकडून मतं मागवते. प्रत्येकानं 25 संघांची उतरती यादी द्यायची. पहिल्या संघाला 25 गुण, दुसऱ्याला 24, शेवटच्याला एक. बेरीज झाली की क्रमवारी तयार. हंगाम सुरू होण्याआधीची अशी यादी 1961 पासून निघते आहे. हंगाम नोव्हेंबरात सुरू होतो आणि मार्चमध्ये 68 संघांची बाद फेरीची स्पर्धा, म्हणजे मार्च मॅडनेस, भरते. पहिल्या श्रेणीत एकूण साडेतीनशेहून जास्त संघ आहेत. हा साडेतीनशेचा आकडा लक्षात असू द्या, पुढे लागणार आहे.

‘2009 नंतर पहिला क्रमांक कधीच जिंकला नाही.’ 2010 ते 2025 या काळापुरतं हे विधान खरं आहे. 2009 च्या हंगामाआधी नॉर्थ कॅरोलायना एकमतानं पहिली होती आणि तिनं जेतेपदही मिळवलं. त्यानंतर हा योग आला नाही. पण यावरून यादी निकामी ठरवणं म्हणजे शितावरून भाताची परीक्षा करताना नेमकं एकच शीत उचलायचं, आणि तेही पातेल्याच्या कडेला चिकटलेलं. यादीत 25 नावं असतात. त्यातल्या एकाच नावाचा हिशोब का ठेवायचा?

म्हणून मी त्याच काळातल्या विजेत्यांपासून उलटं मोजत गेलो. 2020 ची स्पर्धा कोरोनामुळे रद्द झाली, म्हणजे स्पर्धा झाल्या 15. विजेत्यांचा त्या त्या हंगामाआधीच्या यादीतला क्रमांक असा होता: 2010 ला ड्यूक नववा. 2011 ला कनेक्टिकट यादीबाहेर. 2012 ला केंटकी दुसरा, 2013 ला लुईव्हिल दुसरा (पुढे नियमभंगामुळे त्यांचं जेतेपद रद्द झालं, पण मैदानावर तेच जिंकले होते). 2014 ला कनेक्टिकट अठरावा, 2015 ला ड्यूक चौथा, 2016 ला व्हिलानोव्हा अकरावा. 2017 ला नॉर्थ कॅरोलायना आणि 2018 ला व्हिलानोव्हा, दोघंही सहावे. 2019 ला व्हर्जिनिया पाचवा, 2021 ला बेलर दुसरा, 2022 ला कॅन्सस तिसरा. 2023 ला कनेक्टिकट पुन्हा यादीबाहेरून, 2024 ला तोच संघ सहावा, आणि 2025 ला फ्लोरिडा एकविसावा.

म्हणजे 15 पैकी 13 विजेते ऑक्टोबरच्या यादीत होते आणि नऊ पहिल्या सहांत. साडेतीनशे संघांतले सहा म्हणजे दोन टक्केसुद्धा नव्हेत, आणि त्या सहांच्या घरात साठ टक्के जेतेपदं गेली. एकही सामना झालेला नसताना, सहा महिने आधी केलेल्या अंदाजाकडून याहून जास्त मागणारा माणूस अंदाज मागतच नाही, तो भविष्यवाणी मागतो.

मग नेमका पहिलाच का हुकतो? याचं उत्तर स्पर्धेच्या रचनेत आहे. इथे एनबीएसारखी सात सामन्यांची मालिका नसते. एक हरला की घरी. विजेत्याला असे सहा सामने ओळीनं जिंकावे लागतात. समजा एखादा संघ इतका भक्कम आहे की प्रत्येक सामन्यात त्याची जिंकण्याची शक्यता 80 टक्के आहे. सहा वेळा गुणाकार केला की जेतेपदाची शक्यता उरते 26 टक्के. तीही तो संघ मार्चमध्ये खरोखर तेवढा भक्कम असला तर. ऑक्टोबरात बसून, दुखापतींची आणि फॉर्मची अनिश्चितता धरून, पहिल्या संघाला दर वर्षी 12 टक्के संधी दिली तर ते रास्त होईल. तेवढ्या संधीनं सलग 15 स्पर्धा कोरड्या जाण्याची शक्यता साधारण सातात एक निघते. दुर्दैव म्हणा, पण ज्यावरून यादीच मोडीत काढावी असं नवल नाही.

शिवाय ते पहिले संघ कसे हरले तेही बघावं. 2015 मध्ये केंटकी 38 सामने जिंकून, एकही न हरता उपांत्य फेरीत आला आणि विस्कॉन्सिनकडून 71–64 असा हरला. 2016 मध्ये नॉर्थ कॅरोलायना अंतिम सामन्यात होती. व्हिलानोव्हाच्या क्रिस जेंकिन्सनं शेवटच्या क्षणी तीन गुणांचा बास्केट मारला आणि जेतेपद गेलं. 2021 मध्ये गोंझागा 31–0 अशा नोंदीनं अंतिम सामन्यात उतरला आणि बेलरकडून हरला. 2011 मध्ये ड्यूकचा कायरी अर्विंग पायाच्या अंगठ्याच्या दुखापतीमुळे बहुतेक हंगाम बाहेर होता. यातलं काय साठ पत्रकारांनी ऑक्टोबरात ओळखायला हवं होतं? जेंकिन्सचा तो शॉट?

उलट एक वर्ष असं आहे की जे हा मजकूर पाठवणाऱ्यांना ठाऊकच नसतं. 2007 च्या हंगामपूर्व यादीत पहिले चार क्रमांक होते नॉर्थ कॅरोलायना, यूसीएलए, मेम्फिस आणि कॅन्सस. 2008 च्या फायनल फोरमध्ये, म्हणजे उपांत्य फेरीत, नेमके हेच चार संघ होते. जिंकला चौथ्या क्रमांकाचा कॅन्सस. ‘पहिला क्रमांक हरला’ या निकषावर त्या वर्षीची यादीसुद्धा नापास ठरते. निकष किती चुकीचा आहे हे यावरून कळावं.

‘पत्रकारांना मागचा मार्च आणि मोठी नावं एवढंच दिसतं.’ या आक्षेपात तथ्य आहे आणि मी ते झाकणार नाही. नॉर्थ कॅरोलायना 2022 च्या मार्चमध्ये आठवं मानांकन (स्पर्धेआधी निवड समिती चार गटांतल्या संघांना 1 ते 16 असे जे क्रम देते ते) असताना अंतिम सामन्यापर्यंत गेली, कॅन्ससकडून 72–69 हरली. त्या संघातले पाचपैकी चार प्रमुख खेळाडू परत आले आणि पत्रकारांनी तिला ऑक्टोबरात पहिला क्रमांक दिला. आधीच्या हंगामातली तिची कामगिरी मात्र साधारणच होती. तीन आठवड्यांच्या लखलखाटापुढे चार महिने विसरले गेले. नोव्हेंबर-डिसेंबरात ती ओळीनं चार सामने हरली. त्यातला अलाबामाविरुद्धचा तर चार जादा डावांपर्यंत रंगला होता. हंगाम संपला 20–13 वर आणि संघाला 68 मध्येही जागा मिळाली नाही. स्पर्धा 64 संघांची झाली 1985 मध्ये. तेव्हापासून ऑक्टोबरातल्या पहिल्या संघावर अशी वेळ आलेली नव्हती. फ्लोरिडा अटलांटिकचंही तसंच. 2023 ची फायनल फोर गाठल्यावर त्यांना पुढच्या ऑक्टोबरात दहावा क्रमांक मिळाला आणि मार्चमध्ये ते पहिल्याच सामन्यात बाहेर पडले. या दोन चुका खऱ्या आहेत.

पण ‘एवढंच दिसतं’ हे साफ खोटं. 2018 च्या मार्चमध्ये व्हर्जिनिया पहिल्या मानांकनाचा संघ असून सोळाव्या मानांकनाच्या मेरीलँड-बाल्टिमोर काउंटीकडून वीस गुणांनी हरला. पुरुषांच्या स्पर्धेत असं आधी कधीच घडलं नव्हतं. देशभर थट्टा झाली. पत्रकार जर मागच्या मार्चच्या इतके अधीन असते, तर सहा महिन्यांनी व्हर्जिनिया यादीत कुठेतरी तळाला दिसायला हवा होता. त्यांनी त्याला पाचवा क्रमांक दिला आणि 2019 मध्ये व्हर्जिनिया विजेता झाला. 2023 मध्ये पर्ड्यूचीही तशीच नाचक्की झाली, फेअरली डिकिन्सन या सोळाव्या मानांकनाच्या संघाकडून. पत्रकारांनी पाहिलं की झॅक ईडी हा सात फूट चार इंच उंचीचा सेंटर परत येतोय, आणि पर्ड्यूला तिसरा क्रमांक दिला. 2024 चा अंतिम सामना कोणात झाला? ऑक्टोबरातला सहावा कनेक्टिकट आणि तिसरा पर्ड्यू. मला या दोन उदाहरणांचं फार मोल वाटतं, कारण इथे मतदारांनी गर्दीच्या हसण्याविरुद्ध जाऊन हिशोब केला आणि तो बरोबर आला.

मोठ्या नावांबद्दल एवढंच म्हणतो की ड्यूक-केंटकीला शाळेतून निघणारी सर्वोत्तम मुलं दर वर्षी मिळतात. नाव पाहून मत देणं आणि त्या नावामागची भरती पाहून मत देणं यांचं उत्तर बहुतेकदा एकच येतं. आणि गोंझागा हे वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहराचं छोटंसं जेसुइट विद्यापीठ 2020 आणि 2021 असं लागोपाठ दोनदा पहिल्या क्रमांकावर होतं. ते कोणत्या बड्या घराण्यातलं?

आता यादीचा एक गुण सांगतो, ज्याची या वादात कुणी दखलच घेत नाही. ऑक्टोबरची यादी मार्चमध्येही उपयोगी पडते. आकडेतज्ज्ञ नेट सिल्व्हर यांच्या फाइव्हथर्टीएट या संकेतस्थळानं मार्च मॅडनेसचे अंदाज काढण्यासाठी जे गणिती मॉडेल बनवलं होतं, त्यात हंगामातल्या निकालांवर आधारित मूल्यांकनांबरोबर हंगामपूर्व क्रमवारीलाही मुद्दाम जागा दिली होती. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मलाही विचित्र वाटलं. तीसहून जास्त सामने झाल्यावर जुनी यादी कशाला? पण तीस सामने हा नमुना वाटतो तेवढा मोठा नसतो. त्यात दुबळे प्रतिस्पर्धी असतात, दोन-तीन गुणांनी हुकलेले सामने असतात, एखाद्या खेळाडूच्या घोट्याची दुखापत असते. ऑक्टोबरची यादी संघात मुळात किती गुणवत्ता आहे ते सांगते, आणि ती चार महिन्यांत कुठे उडून जात नाही. 2014 चा केंटकी पाहा. नव्या मुलांचा संघ, ऑक्टोबरात पहिला, नंतर धडपडत आठव्या मानांकनापर्यंत घसरलेला. सगळ्यांनी हात झटकले होते. तो अंतिम सामन्यात पोचला आणि कनेक्टिकटकडून 60–54 हरला. त्या सामन्यातल्या संघांची मानांकनं सात आणि आठ होती, पण ऑक्टोबरातले क्रमांक अठरा आणि एक होते.

‘खेळाडू कॉलेज बदलतात, आता अंदाज अशक्य.’ 2021 पासून पहिल्यांदा कॉलेज बदलल्यावर वर्षभर बसून राहण्याची अट गेली, त्याच वर्षी खेळाडूंना जाहिरातींतून कमाईची मोकळीक मिळाली, आणि 2024 मध्ये बदलांच्या संख्येवरचं बंधनही सुटलं. त्यामुळे काम कठीण झालं हे कबूल. पण बदलून आलेला खेळाडू म्हणजे कोरी पाटी नव्हे. तो दोन-तीन वर्षं कॉलेजात खेळलेला असतो, त्याचे आकडे सर्वांसमोर असतात. शाळेतून थेट आलेल्या अठरा वर्षांच्या मुलापेक्षा त्याच्याबद्दल जास्त माहिती असते. फ्लोरिडाच्या 2025 च्या विजेत्या संघात वॉल्टर क्लेटन आयोनामधून, विल रिचर्ड बेलमाँटमधून आणि अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकमधून आलेला. यातले पहिले दोघं 2024-25 चा हंगाम सुरू होण्याआधीच फ्लोरिडाकडून खेळून चुकले होते. यादीनं त्यांना एकविसावं ठेवलं ते कमीच होतं, पण त्या वर्षीच्या फायनल फोरमधले चारही संघ यादीत होते: ह्यूस्टन चौथा, ड्यूक सातवा, ऑबर्न अकरावा, फ्लोरिडा एकविसावा. हे सगळे निर्बंध उठल्यानंतरचं वर्ष आहे.

यादी कुठे कच्ची असते तेही सांगतो. सतराव्या आणि चोविसाव्या क्रमांकातला फरक जवळपास निरर्थक असतो, कारण तिथे गुणांमधलं अंतर फार कमी असतं. खालच्या दहा जागांवरून वाद घालणाऱ्यांनी तो वेळ वाचवावा.

राहिला शेवटचा आरोप, आणि मला सगळ्यात जास्त खटकतो तो हाच, कारण त्यात थेट लबाडीचा ठपका आहे. म्हणे या यादीमुळे बड्यांना मार्चमध्ये चांगलं मानांकन मिळतं. हा समज कॉलेज फुटबॉलवरून आला असावा. तिथे सामने जेमतेम डझनभर, आणि मतदारांच्या क्रमवारीचं वजन वर्षानुवर्षं खरोखर मोठं होतं. बास्केटबॉलची निवड समिती वेगळी आहे. 2018-19 च्या हंगामापासून ती नेट नावाच्या मूल्यांकनाचा आधार घेते. कुणाला, कुठे आणि किती ताकदीच्या संघाला हरवलं, यावर ते चालतं. एपीची यादी हा तिचा निकष नाही. आणि कागदावरचे नियम बाजूला ठेवले तरी निकाल समोर आहेत. 2024 च्या ऑक्टोबरातल्या पहिल्या क्रमांकाच्या कॅन्ससला मार्चमध्ये सातवं मानांकन मिळालं आणि तो पहिल्याच सामन्यात आर्कान्सॉकडून हरला. केंटकीचं आठवं मानांकन वर आलंच आहे. आणि नॉर्थ कॅरोलायनाची गोष्ट तर माझ्या दारातली. 12 मार्च 2023 च्या रविवारी आमच्या भागात लोक टीव्हीसमोर बसून होते. समितीनं एकेक करून 68 नावं जाहीर केली. आमचं नाव आलं नाही. त्याच संध्याकाळी विद्यापीठानं दुय्यम स्पर्धेत खेळायलाही नकार कळवला आणि ऑक्टोबरातल्या पहिल्या संघाचा हंगाम तिथेच संपला.