तेलकट चेहऱ्यावर आणखी क्रीम कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, प्रतिक्रिया खरमरीत आहे, पण तुम्ही रोज काय काय लावता तेही नीट लिहिलंत, त्यामुळे नेमकं बोलता येईल. तुमचं म्हणणं असं: चेहरा आधीच तेलकट, त्यावर मॉइश्चरायझर लावायला सांगणं म्हणजे कंपन्यांची दलाली. माझा मॉइश्चरायझरवरचा लेख वाचून महिनाभर क्रीम लावलं तर कपाळावर बारीक पुटकुळ्या उठल्या. त्यापेक्षा आईच्या वेळचं खोबरेल बरं. आणि दिनक्रम असा: तीनदा साबणाने चेहरा धुणं, रात्री डॉक्टरांनी नुकतंच सुरू केलेलं ॲडापलीन जेल (मुरुमांवरचं औषध), त्यावर हिवाळ्यासाठी आणलेलं घट्ट कोल्ड क्रीम, रविवारी खोबरेलाने मसाज. मुक्काम चिपळूण, तोही पावसाळ्यात.

आधी तेलाचं बघू. चेहऱ्यावर चमकतं ते तेलग्रंथींचं तेल. त्वचेतलं पाणी धरून ठेवणारा थर वेगळ्याच चरबीचा असतो: सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि फॅटी ॲसिड. ही चरबी त्वचेच्या पेशी स्वतः तयार करतात. वरचं तेल कितीही असलं तरी तो थर विस्कटला की पाणी उडून जातं. म्हणून नाक चमकतंय आणि नाकपुडीच्या कडेला पापुद्रे सुटलेत, हे एकाच चेहऱ्यावर दिसतं. (चेहरा कोरडा पडला की त्वचा चिडून जास्त तेल सोडते, हे मात्र मी म्हणणार नाही. तेलग्रंथी मुख्यतः हार्मोन्सच्या हुकमाने चालतात.)

मॉइश्चरायझरने मुरुम बरे होत नाहीत. त्याचं काम मुरुमांचं औषध सोसवेल असं करायचं, म्हणजे ते मध्येच सुटत नाही. ॲडापलीनने पहिले दोन ते चार आठवडे चेहरा लाल होतो, चुरचुरतो, सोलतो. फरक दिसायला मात्र आठ ते बारा आठवडे लागतात. बरेच जण त्याआधीच ट्यूब बाजूला ठेवतात आणि ‘औषध लागू पडलं नाही’ म्हणतात.

आता तुमच्या पुटकुळ्या. तीन संशयित आहेत. पहिलं ॲडापलीनच: सुरुवातीला आत दबलेले मुरुम वर येऊन काही आठवडे त्रास वाढल्यासारखा वाटतो. दुसरं, कोल्ड क्रीम आणि खोबरेल. तिसरं बुरशी: कपाळावर सगळे दाणे एकाच आकाराचे आणि खाजरे असतील तर ते मुरुम नसूही शकतात. केसांच्या मुळाशी वाढणारी मॅलॅसेझिया नावाची बुरशी चरबीवर जगते, आणि घाम, दमट हवा, तेल हे तिन्ही तिच्या पथ्यावर पडतं. त्यावर मुरुमांचं औषध फारसं चालत नाही, बुरशीचं वेगळं औषध लागतं. खाज असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा.

खोबरेलात जवळपास निम्मं लॉरिक ॲसिड असतं आणि ते प्रयोगशाळेत मुरुमांचे जंतू मारतं, हे खरं. पण काचेच्या बशीत जंतू मरणं वेगळं आणि चेहऱ्यावर छिद्रं तुंबणं वेगळं. मुरुम येणाऱ्या चेहऱ्याला खोबरेल नको. रात्री केसांना चोपडलेलं तेलही उशीवरून आणि केसांच्या कडेने कपाळावर उतरतं. दाणे केसांच्या रेषेलगत दाट असतील तर चंपी आंघोळीच्या तासभर आधी करा आणि तेल धुऊन टाका.

शोधायचं कसं? कोल्ड क्रीम आणि खोबरेल आज बंद. साबणाचा पीएच (आम्लता मोजायचं माप, आकडा जितका मोठा तितकं आम्ल कमी) साधारण 9 ते 10, चेहऱ्याचा 5 च्या आसपास. त्यामुळे साबणाऐवजी सौम्य, साबणविरहित फेसवॉश दोनदाच. तिसऱ्यांदा धुवावंसं वाटलं तर नुसतं पाणी. चेहरा टिपून दहा-पंधरा मिनिटं कोरडा होऊ द्या. मग मॉइश्चरायझरचा पातळ थर, त्यावर अख्ख्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं ॲडापलीन. फक्त पुळीवर टिपका देऊ नका. नवे मुरुम जिथे पुळी दिसत नाही तिथेच तयार होत असतात. फार जळजळलं तर डॉक्टरांना विचारून एक रात्र आड करा.

मॉइश्चरायझर जेल किंवा पातळ लोशन घ्या. घटकांच्या यादीत पहिल्या पाचात ग्लिसरीन हवं. डायमेथिकोन, नायसिनामाइड, सेरामाइड असतील तर उत्तम. कोकोआ बटर, आयसोप्रोपिल मिरिस्टेट आणि उग्र सुवास टाळा. महागडी बाटली लागत नाही. तर्जनीच्या शेवटच्या पेराइतकं क्रीम म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, चेहऱ्याला एक ते दीड पेर पुरतं. ‘नॉन-कॉमेडोजेनिक’ (छिद्रं न तुंबवणारं) या शिक्क्यावर फार विसंबू नका. त्यामागे ठरलेली सक्तीची चाचणी नाही, आणि छिद्रं तुंबवणाऱ्या घटकांच्या जुन्या याद्या सशाच्या कानावरच्या प्रयोगांतून आल्या आहेत. सशाचा कान माणसाच्या गालापेक्षा लवकर तुंबतो. नवं क्रीम जबड्याच्या एका बाजूला तीन-चार आठवडे लावून बघा. जळजळ दोन दिवसांत कळते, तुंबलेली छिद्रं दिसायला आठवडे लागतात.

तुमचा एक मुद्दा मात्र बिनशर्त मान्य. औषध चालू नाही, चेहरा धुतल्यावर ओढल्यासारखा वाटत नाही आणि हवा चिपळूणच्या जुलैची असेल, तर मॉइश्चरायझर लावलंच पाहिजे असं नाही. दिवसा जेलसारखं सनस्क्रीन पुरेल. तोच चेहरा डिसेंबरात नागपूरला किंवा आठ तास एसीत असेल तर हिशोब बदलतो.

आणि मेडिकलवाल्याने ‘पुळ्या जातील, डागही जातील’ म्हणून क्रीम हातात ठेवलं तर ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकी काही लिहिलंय का ते वाचा. ही स्टेरॉइड आहेत. आठवड्याभरात चेहरा नितळ दिसतो, पुढे त्वचा पातळ होते आणि बंद केल्यावर दाणे दुपटीने उसळतात. गर्भधारणेचा विचार असेल तर ॲडापलीनबद्दल डॉक्टरांशी आधीच बोला, दिवस गेल्यावर ते वापरत नाहीत.