आलं का अपडेट?

‘तुमचं सॉफ्टवेअर अद्ययावत आहे’ असं फोनने सांगितल्यावर जो गप्प बसतो, त्याच्याबद्दल मला नितांत आदर आहे. आमच्यासारखे लोक लगेच पुन्हा बटण दाबतात. न जाणो, मधल्या चार सेकंदांत आलं असेल!

सॅमसंगच्या वन यूआय ७ने, म्हणजे अँड्रॉइड १५वर कंपनीने चढवलेल्या आपल्या साजाने, तर या जमातीचा अंत पाहिला. अँड्रॉइड १५चा सोर्स कोड गूगलने ३ सप्टेंबर २०२४ला खुला केला. गूगलचाच फोन वापरणारे पिक्सेलवाले १५ ऑक्टोबरला जेवून मोकळे. गॅलेक्सी एस२४च्या पानात ते पडायला ७ एप्रिल २०२५ उजाडला. मधल्या काळात, फेब्रुवारीत, एस२५ हेच सॉफ्टवेअर घेऊन दुकानात येऊन बसलाही होता. महागडा फोन घेऊन वर्ष झालेल्या माणसाने काय करावं? अफवा वाचाव्यात.

उशिराची खरी कारणं अफवांच्या मानाने फारच नीरस आहेत. गूगलचा कोड आधी चिपच्या ड्रायव्हरांशी (चिप चालवणाऱ्या प्रोग्रॅमांशी) जुळवायचा, त्यावर कंपनीने आपला साज चढवायचा, मग कॅमेऱ्यापासून व्होल्टीईपर्यंत (४जीवरच्या कॉलपर्यंत) सगळं मॉडेलागणिक तपासायचं. एवढं करूनही काही बिघडेल या धास्तीने सगळ्यांना एकदम देत नाहीत. ती धास्ती खोटीही नाही: त्याच एप्रिलमध्ये काही एस२४ अनलॉक होत नसल्याच्या बातम्या आल्या आणि वाटप काही दिवस थांबलं. ज्यांना मिळालंच नव्हतं ते जास्त चिडले.

अफवेचं बीज बहुधा बिल्ड नंबरात, म्हणजे सॉफ्टवेअरच्या प्रत्येक आवृत्तीच्या क्रमांकात, असतं. सॅमसंगच्या नंबराची शेवटची चार अक्षरं म्हणजे फोनची कुंडलीच. समजा शेवटी ‘बीवायसीजी’ आहे: बी ही मोठ्या बदलाची खूण, वाय म्हणजे २०२५, सी म्हणजे मार्च आणि जी हा त्या महिन्यातला क्रम. चाचणीच्या सर्व्हरवर असा नंबर दिसला की ‘आतल्या गोटातली खबर, येत्या सोमवारी नक्की!’ सुरू. बिल्ड तयार झालं म्हणजे सुटलं असं नसतं, पण बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी. शिवाय दादरला घेतलेला फोन आणि मामाने दुबईहून आणलेला फोन यांचा प्रदेश-कोड वेगळा असू शकतो. सॉफ्टवेअर इन्फर्मेशनमध्ये ‘आयएनएस’ दिसलं तर तो भारताचा. मामाच्या फोनवर आलं म्हणून आपलं बटण झिजवू नये.

सगळ्यात चिवट तोडगा म्हणजे ‘गूगल सर्व्हिसेस फ्रेमवर्कचा (फोनच्या पोटातल्या गूगलच्या अॅपचा) डेटा पुसा, लगेच येतं.’ गूगलच्याच एका अभियंत्याने २०१३मध्ये सांगितलं होतं की याने रांग पुढे सरकत नाही. उलट फोनची नोंद बदलते आणि अॅपांच्या सूचना यायच्या बंद होऊ शकतात. तोडगा अजून फॉरवर्ड होतोय.

अखेर आलंच तर वाय-फायवर, निम्म्याहून जास्त बॅटरी असताना, आठ-दहा जीबी जागा मोकळी करून आणि बॅकअप घेऊन टाकावं. लोकलला निघताना तर मुळीच नको. ‘आता फॅक्टरी रिसेट करावाच लागतो’ म्हणणाऱ्याला हात जोडावेत. सगळं सुरळीत असताना रिसेट केलात तर यूपीआयची नोंदणी पुन्हा पहिल्यापासून. पहिले दोन-तीन दिवस बॅटरी भराभर उतरते, कारण आत अॅपांची नव्याने जुळणी आणि फोटोंची मोजदाद चालू असते. नेमक्या त्याच दिवसांत, सहा महिने तारखा वाटणारे काका ग्रुपवर लिहितात, ‘कुणीही अपडेट टाकू नका. कंपनी मुद्दाम जुने फोन बिघडवते. सर्वांना कळवा.’