फलकावरची चार अक्षरं : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या संपाच्या फलकांवरून केलेल्या ‘मार्टिन’ या फॉन्टवरच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. ‘घामाने भिजलेल्या हस्ताक्षराचा संगणकाने सरकारी अर्ज करून टाकला’ हे वाक्य झकास जमलंय. घरात दोनदा मोठ्याने वाचून झालं. पण मेम्फिसला ते लागू पडत नाही.

१ फेब्रुवारी १९६८ ला तिथे एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोन सफाई कामगार कचऱ्याच्या गाडीच्या दाबयंत्रात चिरडून गेले. १२ तारखेपासून सुमारे १३०० जण संपावर. त्यांच्या हातातले ‘आय ॲम अ मॅन’ (मी माणूस आहे) हे फलक हस्ताक्षरातले नव्हतेच, छापील होते. अर्नेस्ट विदर्स यांचा फोटो बघा : रांगेने उभी माणसं, सगळ्यांकडे तेच शब्द, तेच वळण. केस पिकलेल्या काळ्या माणसालाही ‘ए पोरा’ म्हणायची तिथली रीत. प्रत्येकाने आपापल्या हाताने लिहिलं असतं तर ती एकेकाची तक्रार वाटली असती. छापल्यावर तो सगळ्यांचा ठराव झाला.

‘नुसती नक्कल’ म्हणालात. त्या ओळीत रोमन अक्षरं मोजा : आय, ए, एम, एन. संपलं! चारही सरळ रेघांची, एकातही गोलाई नाही. मग एस, जी, ओ कुठून आणायची? एवढ्या फलकावरून उरलेली २२ मिळत नाहीत, ती डोक्याने घडवावी लागतात. फॉन्ट करणाऱ्या ट्रे सील्सचं खरं काम तिथे आहे.

आंदोलनाची अक्षरं विकायला काढली, हा तुमचा मुद्दा मात्र मान्य. उद्या एखादा बूटवाला जाहिरातीत हीच अक्षरं वापरेल, आणि परवान्यात काहीही लिहिलं तरी ते पुरतं रोखता येईल असं मला वाटत नाही. सील्सनेही पोट भरायचं आहेच, पण त्याने तुमचा आक्षेप खोटा ठरत नाही.

राहिलं ‘देवनागरीत करून दाखवा’. बसलोय. मूळ फलकावर ‘ॲम’खाली रेघ आहे, म्हणजे आपल्याकडे ती ‘आहे’खाली यायला हवी. (‘माणूस’खाली द्यायची असती तर दीर्घ ऊकारावरच आपटली असती.) पण ठळक वळणात ‘ह’ची शेपटी त्या रेघेत अडकते. शेपटी वर ओढली की ‘ह’ लंगडा दिसतो, रेघ खाली सरकवली की ती शब्दापासून सुटते. सध्या तिसरा कच्चा आराखडा चालू आहे. बरा झाला की इथेच टाकतो, तेव्हाही असंच झोडा.