'अबव्ह' : तीस वर्षं उशिरा भेटलेला अल्बम

आठवडाभर एकच अल्बम ऐकतोय. मॅड सीझनचा 'अबव्ह'. मार्च १९९५ मध्ये आलेला, या बँडचा पहिला आणि एकमेव स्टुडिओ अल्बम. पर्ल जॅम आणि अ‍ॅलिस इन चेन्स हे रॉक बँड मी कॉलेजपासून ऐकतोय, तरी त्यांच्यातल्याच लोकांचा हा अल्बम राहून गेला. साइड प्रोजेक्ट म्हणजे मोठ्या बँडमधलं उरलंसुरलं, असं इतकी वर्षं धरून चाललो होतो.

परवा रात्री भांडी घासताना 'वेक अप' लागलं. सुरुवातीला नुसता बेस आणि त्यावर व्हायब्राफोनचे, म्हणजे धातूच्या पट्ट्यांच्या वाद्याचे, थेंब. सात मिनिटांहून मोठं गाणं, पण कुणालाच कसली घाई नाही. लेन स्टेली गायला लागला आणि मी नळ बंद केला. अ‍ॅलिस इन चेन्समध्ये त्याच्या आवाजाला जेरी कॅन्ट्रेलच्या आवाजाची जोड आणि जड गिटारची भिंत असते. इथे तो बराच वेळ उघड्यावर आहे, श्वासही ऐकू येतो.

हा बँड जमला कसा, तेही सांगायला हवं. १९९४ मध्ये पर्ल जॅमचा गिटारवादक माइक मॅक्रेडी व्यसनातून सुटण्यासाठी मिनिआपोलिसला उपचार घेत होता. तिथे त्याला बेस वाजवणारा जॉन बेकर साँडर्स भेटला. सिअ‍ॅटलला परतल्यावर स्क्रीमिंग ट्रीजचा ड्रमर बॅरेट मार्टिन आला आणि मग मॅक्रेडीने लेनला बोलावलं. व्यसन सोडलेल्या माणसांत राहून लेनही सावरेल, ही आशा त्यामागे होती. शब्द सगळे तुझे, हवं ते लिही, असं त्याला सांगितलं होतं. लेनने गाणी लिहिलीच, कव्हरवरचं चित्रही स्वतः काढलं.

आशा फळली नाही. १९९९ च्या जानेवारीत साँडर्स हेरॉइनने गेला. २००२ च्या एप्रिलमध्ये लेन, वय अवघं ३४.

त्यामुळे बरेच जण हा अल्बम मृत्यूची चाहूल म्हणून ऐकतात. मला ते अजिबात पटत नाही. शेवट आपल्याला ठाऊक आहे म्हणून प्रत्येक ओळीत तो शोधायचा, हा त्या माणसावर अन्याय आहे. 'रिव्हर ऑफ डिसीट' ऐका. लेन तेव्हा खलील जिब्रानचं 'द प्रॉफेट' वाचत होता. आपलं दुःख आपणच निवडलेलं असतं, हा त्यातला विचार तो स्वतःवर घेतो. कुणाला दोष देत नाही, कीव मागत नाही. गिटार इतकी हळुवार आहे की मॅक्रेडी त्याच्या शेजारी नुसता बसून राहिल्यासारखा वाटतो. हे गाणं आहे काम करणाऱ्या, त्या दिवसांत जिवंत असलेल्या माणसाचं.

आणि 'लाँग गॉन डे'! मारिम्बा हे लाकडी पट्ट्यांचं वाद्य, स्केरिकचा सॅक्सोफोन, स्क्रीमिंग ट्रीजचा गायक मार्क लॅनेगनचा खोल, खरखरीत आवाज आणि त्यावर लेनचा धारदार. ग्रंजच्या, म्हणजे या बँडच्या नेहमीच्या जड रॉकच्या, चौकटीत हे बसतच नाही, जॅझच्या अंगणातून आल्यासारखं वाटतं. आपापल्या बँडमध्ये या लोकांना हे करता आलं असतं, असं मला वाटत नाही.

सगळाच अल्बम या तोडीचा नाही. 'आय डोन्ट नो एनिथिंग'चा रिफ, म्हणजे पुन्हापुन्हा येणारा गिटारचा तुकडा, मला लवकर कंटाळवाणा झाला. पण 'नोव्हेंबर हॉटेल'मध्ये शब्दच नाहीत, ते मात्र हेडफोन लावून, दिवा मालवून ऐका.

२९ एप्रिल १९९५ ला सिअ‍ॅटलच्या मूर थिएटरमध्ये त्यांनी केलेल्या कार्यक्रमाचं चित्रीकरण आहे. आज रात्री ते बघणार आहे.